बाळाला पोहण्याच्या तलावात नेताना कोणते साहित्य घेतले, कोणते टाळले? (अनुभव धागा)

मलप्रभाकाठ
परवा माळा आवरताना पांगाऱ्याच्या लाकडाचा, पाण्यावर तरंगणारा जुना बिंडा हाती लागला. खानापूर तालुक्यातील आमच्या गावी तो कमरेला बांधून मुलांना विहिरीत सोडत आणि दोरीचे दुसरे टोक काका विहिरीकाठी थारोळ्यावर बसून धरत असत. आता दीड वर्षाच्या नातवाला सूनबाई बेळगावात तलावावर नेणार आहेत. दुकानात मात्र इतक्या वस्तू मांडलेल्या आहेत की त्यांतले खरोखर लागते काय, हेच कळेनासे झाले आहे. आपापले अनुभव कृपया लिहावेत.

टिळकवाडीची_आई
काका, सर्वप्रथम पोहण्याचा डायपर घ्या. रोजचा डायपर घालून पाण्यात उतरवले, तर त्यातील जेल तलावाचे पाणी शोषून फुगते, बाळाला ते ओझे पेलवत नाही आणि शिवण उसवली की साबुदाण्यासारखे कण पाण्यावर तरंगू लागतात. आमच्या शेजारच्या बाळाचे असे झाले तेव्हा सगळ्यांनाच बाहेर काढावे लागले होते. पोहण्याचा डायपर शी काही वेळ अडवतो, शू अडवत नाही. म्हणून तो घरून घालून रिक्षात बसवू नये; तलावावर पोहोचल्यावरच बदलावा. धुऊन वापरायचा घेतलात, तर कमरेला आणि मांड्यांना इलॅस्टिक नीट बसते ना, ते पाहा. बाळाला जुलाब होत असतील तर मात्र कोणताही डायपर उपयोगाचा नाही, कारण क्रिप्टोस्पोरिडियमसारखा जंतू क्लोरीनच्या पाण्यातही सात दिवसांहून अधिक तग धरतो.

निपाणीकर
दंडाला चढवायचे फुगे आम्ही आणले नाहीत. ते निसटतात, त्यांतील हवा जाते आणि मुलाला पाण्यात उभे लटकण्याची सवय लागते, तर पोहायला अंग आडवे व्हावे लागते. गळ्याभोवतीच्या हवेच्या कड्याचे नावच काढू नका. अशा कड्यांमुळे बाळांना गंभीर इजा होऊ शकते, मृत्यूही ओढवू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये दिला आहे. घ्यायचेच असेल तर वजनाप्रमाणे मापाचे आणि दोन्ही पायांमधून पट्टा येणारे लाइफ जॅकेट घ्यावे. दुकानातच ते घालून खांद्यापाशी धरून वर ओढून पाहावे. ते हनुवटीच्या वर सरकले तर माप मोठे आहे असे समजावे. जॅकेट असले तरी मोठ्या माणसाने पाण्यात हाताच्या अंतरावरच राहावे, कारण बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. तुमच्या काकांच्या हातातील दोरीचे काम आजही कोणाला तरी करावेच लागते.

चिकोडीचा_भोपळा
आमच्याकडे वाळलेला भोपळा पाठीला बांधत असत. मुलीसाठी तसा मिळतो का, म्हणून मी बाजारात चौकशी केली, तेव्हा भाजीवाल्या मावशींनी भरीत करणार की सांडगे, असे विचारले.

शहापूरची_सुनीती
रंगाबद्दल कोणीच लिहिले नाही. सासूबाईंनी हौसेने खडेबाजारातून आकाशी पोशाख आणला होता, त्यावर पांढरे मासे होते आणि दिसायला तो फारच गोड होता. निळ्या फरशीच्या पाण्यात मात्र आकाशी आणि पांढरा हे रंग हरवून जातात. घरी निळ्या बादलीत तो बुडवून दाखवल्यावर सासूबाईंनीच तो बदलून भडक नारिंगी आणला. एप्रिल-मेच्या उन्हासाठी लांब बाह्यांचा पोशाख बरा. सहा महिन्यांखालील बाळाला तर सनस्क्रीन लावण्यापेक्षा सावलीत ठेवणेच योग्य.

अनगोळ_आजोबा
बेळगावच्या सकाळी पाणी किती गार असते, हे इथल्यांना सांगायला नको. लहान बाळासाठी पाणी साधारण ३२ अंश सेल्सिअस असावे असे म्हणतात, आणि आपल्याकडच्या उघड्या तलावात थंडीच्या दिवसांत तेवढी ऊब कुठून येणार? निओप्रीनचा (जाड रबरी कापडाचा) पोशाख थोडी ऊब धरतो, पण ओठ निळसर दिसले किंवा अंग थरथरले, तर त्याच क्षणी बाळाला बाहेर घ्यावे. त्यासाठी टोपी शिवलेला टॉवेल काठावर हाताशी हवा. पिशवीच्या तळाशी घडी करून ठेवलेला तो वेळेवर सापडत नाही. गॉगलवर आत्ताच पैसे घालवू नका. आमच्या नातीने तो डोळ्यांवर कमी आणि तोंडात जास्त धरला.

घटप्रभा_वहिनी
घरच्या अंगणातील हवेच्या टबबद्दलही लिहिते. खेळ संपताच तो रिकामा करून पालथा घालावा, कारण वीतभर पाण्यातही तान्हे मूल बुडू शकते. ताई, तो पोहण्याचा डायपर संकेश्वरात कुठे मिळेल?

टिळकवाडीची_आई
वहिनी, औषधाच्या दुकानात सांगून ठेवल्यास ते मागवून देतात. वय सांगू नका, वजन सांगा. पाकिटावर माप किलोमध्ये छापलेले असते.