पतंगाचा छंद लावून घ्यायचाय, कोल्हापुरात सुरुवात कुठून करू?

आरकेनगरकरीण
नमस्कार मंडळी, जरा वेगळाच प्रश्न आहे, हसू नका. वय चाळीस, बँकेत नोकरी, दिवसभर मान खाली घालून कॉम्प्युटर आणि घरी आलं की मान खाली घालून मोबाईल, परवा फिजिओवाल्या बाईंनी सरळच विचारलं की दिवसातनं वर कधी बघता का. तेव्हापासनं डोक्यात पतंग शिरलाय. लेक चौथीत आहे, तिला घेऊन करता येईल असंच काहीतरी हवं होतं. लहानपणी भाऊ उडवायचा आणि फिरकी धरायला मी, एवढाच काय तो अनुभव, दोरा हातात कुणी दिलाच नाही. काटाकाटीत अजिबात रस नाही, वर जाऊन नुसता स्थिर राहिला तरी खूष.

आता प्रश्न. मोकळी जागा कुठली बघू, राहायला आर के नगरात आहे. ऑनलाईन ते मोठे शेपटीवाले कापडी पतंग दिसतात ते घेऊ की आपला कागदीच बरा? आणि संक्रांत होऊन गेली म्हणजे आता वर्षभर थांबायचं का? बजेट हजारभर.

तांबडापांढरा
नाद खुळा ताई!! जाणकार येतीलच, मी वाचायला बसलोय.

गच्चीवरचा
मैदान वगैरे कशाला शोधताय, अपार्टमेंटची गच्ची आहे की. आम्ही जन्मभर गच्चीवरच उडवलेत.

फिरकीवाला
गच्चीचं नंतर बोलू, ते लेकराला घेऊन तर नकोच.

ताई, संक्रांतीपर्यंत थांबायचं काही कारण नाही. उलट जानेवारीत आपल्याकडं वाऱ्याचा भरवसा नसतो, सकाळी हवा पडलेली, दुपारी जरा हलली की पोरं ओरडत वर पळतात आणि तासाभरात परत पडते, म्हणून तर आपल्याकडं संक्रांत म्हणजे तिळगूळ आणि पतंग त्यातल्या त्यात. येवल्याला भोगी, संक्रांत आणि करीला तीन दिवस गाव छतावर असतं, ते वेड वेगळं. आपला खरा मोसम फेब्रुवारी सरताना सुरू होतो. उन्हाळ्यात दुपारी चारनंतर पश्चिमेकडनं, कोकणच्या अंगानं वारा यायला लागतो तो अंधार पडेपर्यंत. तो एकसारखा असतो आणि शिकायला असाच वारा लागतो. म्हणजे तुम्ही एकदम टायमात विचारलंय.

पतंग कागदीच घ्या. कापडी डेल्टा, म्हणजे तिकोनी पतंग, लेकीसाठी नंतर एक घ्या, तो सोडला की आपोआप जाऊन बसतो, चांगला असतो, पण दोन दिवसांत तुम्हीच कंटाळाल कारण त्यात तुम्हाला काही करायचंच नसतं. कागदी पतंग हाताला काहीतरी सांगत असतो. दहा-पंधरा रुपयांचा मध्यम आकाराचा घ्या, अगदी बारका नको, बारका फार चपळ असतो आणि नवख्याच्या हातात टिकत नाही. एकदम डझनभर घ्या, फाटणारच. घेताना प्रत्येक पतंग उजेडाकडं धरून बघा, कण्याची कामटी सरळ आहे का आणि कमानीची कामटी दोन्ही बाजूंना सारखी वाकलीय का. एका बाजूला जाड एका बाजूला बारीक असली तर तो पतंग जन्मभर एकीकडंच ओढणार. दुकानदार घाई करतो, करू दे.

आता सुत्तर, म्हणजे पतंगाला दोन ठिकाणी बांधून एका गाठीत आणलेला दोरा, त्यालाच पुढं उडवायचा दोरा जोडतात. सगळा खेळ इथं आहे आणि हे कुणी शिकवत नाही, तयार बांधून देतात आणि पतंग उडाला नाही की वाऱ्याला शिव्या. कणा आणि कमान एकमेकींवर येतात तिथं फुलीच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत सुईनं बारीक भोकं पाडा, दोरा ओवून कामट्यांसकट गाठ मारा. दुसरी भोकं खाली, बुडाच्या तिकोनी तुकड्याच्या वर चार बोटांवर, कण्याच्या डाव्या-उजव्या अंगाला. दोन्हीकडनं दीड-दीड वीत दोरा सोडा आणि वरचा आणि खालचा सारख्या लांबीचा ठेवून गाठ मारा. नवख्याला सारखाच बरा. वारा जोराचा असला की खालचा बोटभर लांब ठेवायचा, म्हणजे पतंग वाऱ्याला थोडा तिरपा बसतो आणि ओढ कमी होते. मग गाठीपाशी धरून पतंग लोंबकळत सोडा. एक पंख खाली झुकला तर समोरच्या पंखाच्या टोकाला दोऱ्याचे चार वेढे मारा, किंवा कागदाची बारकी सुरळी चिकटवा. समतोल आला की मगच मैदानात. हे घरी टेबलावर बसून लेकीबरोबर करा, तिला जास्त आवडेल बघा.

मेकॅनिकल_शिरोली
वरच्या काकांना +१. त्यात थोडी भर घालतो, कारण हे कळलं की शिकणं निम्म्यावर येतं.

आपल्या साध्या पतंगाला शेपूट नसते म्हणून तो मुळात अस्थिर असतो, आणि तसाच असायला पाहिजे. दोरा सैल सोडला की तो जाग्यावर फिरायला लागतो. दोरा ताणला की कमान मागं वाकते, दोन्ही पंख जरा मागं जातात आणि तो नाक जिकडं असेल तिकडं सरळ पळतो. स्टिअरिंग म्हणून एवढंच. ढील द्या, म्हणजे दोरा सैल सोडा, फिरू दे, नाक वर आलं की ओढा. नाक खाली असताना घाबरून ओढलं तर तो जमिनीत घुसणार, आणि नवखा माणूस नेमकं तेच करतो. नाक खाली गेलं की हात सोडा, ढील द्या, वळला की मग ओढा.

मुलीच्या पतंगाला मात्र शेपूट लावा, जुन्या साडीची दोन बोटं रुंद पट्टी, पतंगाच्या तीन-चार पट लांब. गिरक्या थांबतात.

आणि पळू नका. पिक्चरमध्ये पळतात ते वेगळं. वाऱ्याकडं पाठ करून उभं राहा, दुसऱ्यानं वीस-पंचवीस पावलं लांब समोर जाऊन पतंग डोक्यावर धरायचा, वाऱ्याची झुळूक आली की त्यानं सोडायचा आणि तुम्ही दोन हात सपासप ओढायचे. वारा पुरतो का ते झाडाकडं बघून कळतं. पानं आणि बारीक डहाळ्या सारख्या हलत असतील तर ताशी १२ ते १९ किलोमीटर वारा आहे, म्हणजे झकास. नुसतीच पानं सळसळत असतील तर जरा कष्ट पडतील. मोठ्या फांद्या हलायला लागल्या तर कागदी पतंग पिशवीतच ठेवा.

आरकेनगरकरीण
बापरे, एवढं सगळं! काका, मेकॅनिकल, दोघांचे मनापासून आभार, प्रिंट काढून ठेवते. दोरा कुठला घेऊ? बाजारात मांजाच मांजा दिसतो. आणि जागेचं अजून कुणी सांगितलं नाही.

घारीचा_डोळा
साधा सुती दोरा, सद्दी म्हणून मागा. मांजा घेऊच नका. तुम्हाला काटायचं नाहीये तर काच लावलेला दोरा कशाला पाहिजे?

नायलॉनच्या मांजाला तर हातच लावायचा नाही. राष्ट्रीय हरित लवादानं ११ जुलै २०१७ ला नायलॉन आणि सिंथेटिक मांजावर देशभर बंदी घातलीय, विकणं, ठेवणं, वापरणं सगळंच. तरी जानेवारीत मिळतोच, बाहेर फिरकी साध्या दोऱ्याची आणि आत माल वेगळा. ओळखायला सोपं आहे, थोडा दोरा ओढून तोडून बघा. सुती दोरा तुटतो आणि टोकाला पिंजतो. नायलॉन रबरासारखा ताणतो, हाताला कापतो आणि तुटत नाही. काडी लावली तर सुती जळून राख होतो, नायलॉन वितळून गोळी होते.

रंकाळ्यावर आम्ही पक्षी बघायला जातो तेव्हा झाडांत लोंबणारा दोरा दर वर्षी दिसतो, एकदा अडकला की महिनोन्‌महिने तिथंच, आणि वटवाघळं, बगळे संध्याकाळी त्यातच येतात. कुठला पक्षी अडकलेला दिसला तर वनखात्याचा १९२६ लावा. आणि उडवून झालं की मैदानात पडलेला आपला दोरा गोळा करून घरी आणा, दुसऱ्याचा दिसला तर तोही.

फिरकीवाला
हे सगळं मान्य. पण काचेच्या सुती मांजाची काटाकाटी हा आपला खेळ आहे राव, सरळ सगळ्यालाच गुन्हा ठरवू नका. ढील देत देत समोरच्याला पेचात घ्यायचं, मोकळ्या रानात, रस्त्यापासनं लांब, त्यात काय वाईट?

घारीचा_डोळा
काका, रस्त्यापासनं लांब उडवला तरी काटल्यावर तो दोरा कुठं जाऊन पडतो ते ना तुमच्या हातात ना माझ्या. बाईकवाल्याच्या गळ्याला सुती आहे का नायलॉन हे कळत नाही. असो, ताईंना काटाकाटी करायचीच नाहीये, धागा भरकटवू नका.

फिरकीवाला
बरं बाबा. तेवढं खरं आहे.

वायरमनभाऊ
माझं ड्युटीचं बोलतो. दोरा तारंत गेला की लोकं काय करत्यात, काठीला आकडा बांधून काढाय बघत्यात. न्हाई करायचं. सुती दोरा बी दवानं भिजला की करंट येतोय, आणि चमकी लावलेला पतंग असला तर ईचारूच नका. पतंग धा रुपयाचा हाय, ऱ्हाऊ दे तिथंच. लई लोंबत असला, रस्त्यावर येत असला तर १९१२ ला सांगायचं, माणूस येतोय.

गच्चीवरच्या भावा, तुझ्या गच्चीपासनं खांब किती लांब हाय ते मोज आधी. आणि मागं मागं सरकताना कठडा दिसत न्हाई माणसाला, डोळं वर असत्यात.

गच्चीवरचा
बरं बरं, सगळे मिळून मलाच. 😅

मेकॅनिकल_शिरोली
गच्चीचं अजून एक. बिल्डिंगवर वारा आपटून वर उसळतो आणि मागं भोवरे होतात, म्हणून गच्चीवरून पतंग आधी हातभर नाचतो आणि मग एकदम खाली येतो. उंची गाठली की बरा, पण शिकाऊ माणूस त्या पहिल्या पंधरा फुटांतच दमतो.

पुण्यातला_कोल्हापूरकर
जागेचं मी सांगतो. तुम्हाला जवळ म्हणजे कळंबा रोडचं तपोवन मैदान. मोकळं आहे, फक्त प्रदर्शन किंवा सभेचे मांडव घातलेले नाहीत ना ते आधी बघून घ्या. नागाळा पार्काकडनं असता तर मेरी वेदर सांगितलं असतं, पण तिथं संध्याकाळी क्रिकेटवाले इंचभर सोडत नाहीत. शिवाजी पेठेतलं गांधी मैदान चारी बाजूंनी घरं आणि खोलगट, खाली वारा कमी आणि पावसाळ्यात तळं. रंकाळ्यावर वारा पाण्यावरून सरळ येतो म्हणून मोह होतो, पण झाडं, वायरी, भेळेच्या गाड्या, फिरणारी माणसं आणि वरच्या पक्षीवाल्यांनी सांगितलंच आहे. टेंबलाईला वारा झकास, पण पलीकडं लष्कराची हद्द, तिकडं पतंग गेला तर गेला.

आणि एक महत्त्वाचं, तुम्ही आर के नगरात, उजळाईवाडीचा विमानतळ काही लांब नाही. त्या बाजूचं माळरान कितीही मोकळं दिसलं तरी तिकडं उडवू नका, धावपट्टीच्या सरळ रेषेत तर चुकूनही नाही. सहज सांगतो, १९३४ च्या विमान कायद्यात विमानाच्या व्याख्येत पतंगसुद्धा धरलेला होता, म्हणजे लेकीला सांगा की कागदावर तू पायलट.

तांबडापांढरा
😂😂 पायलट! हे वाचून माझी बायको पण तयार झाली.

आरकेनगरकरीण
तपोवनच फायनल. दोरा किती लागेल आणि हाताला काय बांधायचं? भावाच्या बोटांना कायम चिरा असायच्या ते आठवतंय.

फिरकीवाला
दोनशे मीटर सद्दी भरपूर झाली, त्याच्या वर पतंग ठिपका दिसतो आणि तुम्हाला काही कळत नाही. तर्जनीच्या मधल्या पेराला कापडी चिकटपट्टी दोन वेढे, घट्ट नको. दोरा अंगठा आणि तर्जनीत धरायचा, मुठीत गुंडाळून कधीच नाही, वाऱ्यानं एकदम ओढ घेतली की सुटायला पाहिजे. फिरकी लेकीच्या हातात द्या आणि तिला सांगा की पोटाला टेकवून आडवी धर, दोरा मागितला की आपोआप सुटला पाहिजे. अर्ध्या तासानं अदलाबदल करा, नाहीतर तिचं पण तुमच्यासारखंच व्हायचं. टोपी आणि गॉगल घ्या, चार वाजता पश्चिमेचा वारा म्हणजे पाठीवर ऊन, पण पोरांना पतंग सोडायला समोर पाठवलं की त्यांच्या डोळ्यावर येतंय. आणि मानेचं म्हणाल तर सारखं वर बघून ती पण अवघडते, मधनं मधनं बसा.

सायकलवाला
मधेच घुसतो. आषाढात पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर नेला तर? तिथला वारा बघितलाय, माणूस उभा राहत नाही.

मेकॅनिकल_शिरोली
माणूस उभा राहत नाही म्हटल्यावर पतंग काय करेल. कागदी तर दमट हवेतच लोळागोळा होतो, खळ सुटते आणि कामट्या हातात राहतात. कापडी असेल, पावसाची उघडीप असेल आणि वारा जरा आवरलेला असेल तर जा, पण धुकं उतरलं की दहा पावलांवरचं दिसत नाही आणि पठाराला कडे आहेत. ढग गडगडताना तर खालीच थांबा, त्या उघड्या माळावर सगळ्यात उंच वस्तू तुम्ही आणि तुमचा ओला दोरा. सप्टेंबरअखेरीला किंवा ऑक्टोबरमध्ये जा, तेव्हा जमतंय, फक्त फुलांवर पाय देऊ नका.