मुंगी घाटातील कावडींना नियमांची चौकट हवी की नको?

शिखरवाट :
शिखर शिंगणापूरच्या चैत्र यात्रेत पंचमीला शंभू महादेवाची हळद, अष्टमीला शिवपार्वतीचा विवाह आणि द्वादशीला कावडींचे आगमन, असा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. सासवडहून कऱ्हेचे पाणी घेऊन निघणारी संत तेल्या भुत्याची मानाची कावड आणि पंचक्रोशीतील इतर कावडी शेवटच्या टप्प्यात गाडीरस्ता सोडून मुंगी घाटाच्या उभ्या चढणीने गडावर जातात. हातात हात गुंफून साखळी केलेली माणसे पाण्याने भरलेले रांजण खांद्यावर घेऊन, ‘म्हाद्या धाव’ असा धावा करीत, चैत्राच्या उन्हात वर सरकत असतात. ही चढण बंद करावी असे मी मुळीच म्हणत नाही. परंतु मानकरी आणि प्रशासन यांनी मिळून तिला नियम घालून द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. एका वेळी एकच कावड चढावी, अवघड टप्प्यांवर कायमचे लोखंडी कठडे बसवावेत आणि वैद्यकीय पथक पायथ्याशी न ठेवता चढणीच्या मध्यावर ठेवावे. २५ जानेवारी २००५ रोजी मांढरदेवीच्या यात्रेतील चेंगराचेंगरीत काय घडले, हे सातारा जिल्ह्याने विसरता कामा नये.

कऱ्हाकाठ :
मांढरदेवीचा दाखला आपण दिलात, परंतु तो आपल्याच म्हणण्याच्या विरोधात जातो. तेथे अडीचशेहून अधिक माणसे दगावली, पण ती कड्यावरून पडून नव्हे. बांधलेल्या पायऱ्यांची अरुंद वाट, नारळाच्या पाण्याने निसरडी झालेली फरशी, दोन्ही अंगांना दाटलेली दुकाने आणि वरून रेटा देणारी, एकमेकांना अनोळखी असलेली गर्दी, या साऱ्यांनी मिळून ती चेंगराचेंगरी घडवली. वाट सोपी होती म्हणूनच तेथे इतके लोक एकाच वेळी पोहोचू शकले. मुंगी घाटाची चढण स्वतःच माणसे निवडते. ज्याला झेपत नाही तो मुकाट्याने दुसऱ्या बाजूच्या रस्त्याने जातो आणि त्याला कोणी नावे ठेवत नाही. उद्या आपण कठडे बसवलेत, तर आज भीतीपोटी खाली थांबणारा प्रत्येक जण त्या कठड्याला धरून वर निघेल, आणि आपल्याला टाळायची आहे तीच गर्दी आपण कड्यावर नेऊन ठेवू.

शिवाय कावडीची साखळी ही केवळ शक्तीची गोष्ट नाही. आपल्या पुढचा आणि मागचा गडी कोण, त्याचा पाय कोठे डगमगतो, कोणत्या दगडापाशी खांदा बदलायचा, हे त्या गावच्या माणसांना ठाऊक असते. कागदावरचा नियम ही जाण देऊ शकत नाही.

सरळसोट :
गडावर चांगला डांबरी रस्ता आहे. पाणी कऱ्हेचे आहे आणि पिंडीपर्यंत ते पोहोचायचे आहे. मग ते कोणत्या बाजूने आले याने अभिषेकात काय उणे राहते? श्रद्धेसाठी जीव पणाला लावावाच लागतो, हा हट्ट मला तरी समजत नाही.

कऱ्हाकाठ :
पाणी पोहोचवणे एवढाच हेतू असता, तर सासवडहून टँकरही पाठवता आला असता. पायी निघून ही चढण पार करणे हाच ज्यांचा नवस आहे, त्यांना रस्ता दाखवून उपयोग नाही.

माणदेशी :
‘परंपरा जशी आहे तशीच’ हे पालुपद शिंगणापूरच्या बाबतीत तरी इतिहासाला धरून नाही. या कोरड्या डोंगरावर यात्रेकरूंचे पाण्यावाचून हाल होत, म्हणून मालोजीराजे भोसल्यांनी येथे तलाव बांधला. भोसल्यांच्या कुलदैवताच्या ठिकाणी सोय केल्याने भक्ती बाटली, असे त्या काळी कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. त्यामुळे वैद्यकीय पथक आणि पाण्याची सोय यांवर वाद घालण्याचे मला कारणच दिसत नाही.

मात्र कठड्यांबाबत मी कऱ्हाकाठ यांच्या बाजूने आहे, आणि माझे कारण वेगळे आहे. अलीकडे धोका वाढला असेल तर तो कावडकऱ्यांमुळे वाढलेला नाही, बघ्यांमुळे वाढला आहे. चांगले चित्रण मिळावे म्हणून कावडीच्या वरच्या अंगाला दगडांवर चढून बसणारी, मोबाईल समोर धरून उलट पावली मागे सरकणारी मंडळी साखळीत नसतात, त्यांना कोणाचा हात नसतो, आणि त्यांच्या पायाखालून सुटलेला धोंडा मात्र थेट कावडीवर येतो. नियम करायचाच असेल तर तो यांच्यासाठी करा. कावडीच्या वरच्या अंगाला कोणीही थांबू नये, एवढे एक पाळले गेले तरी निम्मी चिंता मिटेल. (ड्रोनने केलेले चित्रण अधिक चांगले दिसते, हे त्यांना कोणीतरी समजावून सांगायला हवे.)

कऱ्हाकाठ :
बघ्यांविषयीचे आपले म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु हे काम पोलिसांकडे सोपवण्याऐवजी कावड मंडळांच्या स्वयंसेवकांनी करावे, कारण घाटातला माणूस गणवेशापेक्षा गावच्या वडीलधाऱ्याचे अधिक ऐकतो. एका वेळी एकच कावड, या सूचनेला मात्र माझा विरोध कायम आहे. कोणती कावड कोणामागून चढणार हे मानाने ठरते. जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्यांचा क्रम जसा मानाने ठरलेला असतो, तसाच हाही आहे. हा क्रम म्हणजे गर्दीचे जुने नियोजनच होय. त्यावर बाहेरून दुसरे वेळापत्रक लादले, तर मानावरून तंटे होतील, आणि तेही भर चढणीवर.

शिखरवाट :
मानाचा क्रम बदलावा असे मी सुचवलेलेच नाही. कोण आधी आणि कोण नंतर हे मानानेच ठरू द्या, प्रश्न दोन कावडींमधील अंतराचा आहे. पुढची कावड अडली आणि मागची तिच्या पायाशी येऊन ठेपली, तर वरचा रांजण निसटल्यावर खालच्यांना बाजूला व्हायला जागा कोठे आहे? हे अंतर किती असावे ते जिल्हाधिकारी कार्यालयाने ठरवू नये, हेही मला मान्य आहे. द्वादशीपूर्वी सर्व कावड मंडळांनी एकत्र बसून ते ठरवावे, घाटातल्या कोणत्या टप्प्यावर मागच्या कावडीने थांबायचे त्या जागा नेमून द्याव्यात आणि त्या जागांवर आपापली माणसे उभी करावीत. कठड्यांचा विषय त्याच बैठकीत मांडावा आणि मंडळे देतील तो निर्णय स्वीकारावा.