मदत हवी आहे: आजीकडची क्लॉइझने फुलदाणी चिनी की जपानी?

नमस्कार मंडळी,

आजीकडून आलेली एक फुलदाणी मूळची कुठली, हे ओळखायला मदत हवी आहे. विकायची नाही, त्यामुळे किंमत नको. घरात तिची जी गोष्ट सांगतात ती खरी का, एवढंच जाणून घ्यायचंय.

आजी ग्रँट रोडला एका पारशी बाईंकडे शिवणकामाला जायची. त्यांच्या घराण्याचा पूर्वी चीनशी व्यापार होता. घर आवरताना बाईंनी ही आजीला दिली, म्हणून आमच्याकडे ती 'चिनी फुलदाणी'.

उंची २४ सेंटीमीटर. अंग तांब्याचं, एका टवक्यातून दिसतं. बारीक तारा वाकवून नक्षी केलीय आणि मधल्या कप्प्यांत मिना भरलाय, यालाच क्लॉइझने म्हणतात. नक्षीमागची जमीन काळपट, तीत तांबूस कण, उजेडात धरलं की लुकलुकतात. अंगावर ड्रॅगन, पंजाला तीन नख्या. आतला मिना मळकट निळा, संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत. तळाला शिक्का नाही, अक्षरही नाही.

एका दुकानदाराने हातात न घेताच 'मिंग काळातली', म्हणजे चीनच्या मिंग राजघराण्याच्या वेळची, म्हणून सांगितलं, दुसऱ्याने मुरादाबादी. मुरादाबादी नाही हे मलाही कळतं. तिथे पितळ कोरून खोलगटात रंग भरतात, इथे तार वरून बसवलीय. टवका भरून देतो, चकाकी आणतो, असंही एकजण म्हणाला. द्यावी का?

प्रतिसाद १

मला ही जपानी वाटते, नागोयाकडची, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाची. चिनी ड्रॅगनला सहसा चार किंवा पाच नख्या असतात, जपानी ड्रॅगनला तीन. पण नख्यांपेक्षा माझा भरवसा त्या लुकलुकणाऱ्या कणांवर आहे. ती तांब्याचे कण असलेली काच. त्या काळच्या जपानी कामात ती सारखी दिसते. चिनी फुलदाण्या आतून बहुधा गुळगुळीत आणि आकाशी असतात, खरबरीत आतली बाजू जपानी कामात जास्त.

चीनमध्ये ही कला मिंग घराण्यातल्या जिंगताई सम्राटाच्या (१४५०-१४५७) नावाने ओळखली जाते, म्हणून प्रत्येक जुनी फुलदाणी 'मिंग' होते. जपानमध्ये १८३० च्या दशकात ओवारी प्रांतातल्या (म्हणजे नागोयाकडच्याच) काजी त्सुनेकिची यांनी बाहेरून आलेली वस्तू फोडून तंत्र शोधलं, असं सांगतात. तिथे तिला शिप्पो म्हणतात, म्हणजे सात रत्नं.

शिक्का नाही म्हणून १८९१ पूर्वीची, असा हिशेब मात्र करू नका. मालावर देशाचं नाव घालण्याचा १८९१ चा तो नियम अमेरिकेत जाणाऱ्या मालाचा होता. मुंबईला उतरलेल्या मालाला त्याचं बंधन नव्हतं.

प्रतिसाद २

घराण्याचा चीनशी व्यापार आणि फुलदाणी जपानी, यात विसंगती नाही. १८९३ साली मुंबई ते जपानमधलं कोबे बंदर अशा थेट आगबोटी सुरू झाल्या, त्यामागे जमशेटजी टाटांचा पुढाकार होता. इथून कापूस जायचा. तिकडून अशा वस्तू येणं अगदी शक्य आहे.

टवका भरू देऊ नका, हात जोडून सांगतो. आत राळ किंवा रंग घातला की मूळ काम कायमचं झाकलं जातं. चिंच-लिंबू तर लावूच नका, आम्लाने मिना निस्तेज होतो. मऊ कोरडं फडकं पुरे. आणि ड्रॅगनचं तोंड कुठल्या बाजूला आहे? या फुलदाण्या बहुतेक जोडीने करत, एकमेकांकडे तोंड करून.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. टवका तसाच ठेवतोय.

ड्रॅगन डावीकडे बघतो. आईला विचारलं, ती म्हणाली की बाईंकडे अशा दोन होत्या, दुसरी त्यांनी स्वतःकडे ठेवली. ते घर आता नाही. उजवीकडे बघणारी, एवढ्याच उंचीची, काळपट जमिनीची कुणी कुठे पाहिली असेल तर कृपया इथे लिहा.