स्कोटोफोबिन: बारशाची एवढी घाई का?

खडूफळा:
ग्रीक 'स्कोटोस' म्हणजे काळोख. त्यावरून बनलेल्या शास्त्रीय शब्दांत मला सगळ्यात खटकतो तो 'स्कोटोफोबिन'. ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयात जॉर्ज उंगार यांनी विजेचे झटके देऊन उंदरांना काळोखाची धास्ती लावली. त्यांच्या मेंदूचा अर्क दुसऱ्या, न शिकवलेल्या उंदरांना टोचला, तर तेही अंधार टाळू लागले असा दावा. अर्कातून 15 अमिनो आम्लांचं पेप्टाइड, म्हणजे छोटी साखळी, काढलं, त्याचं नाव स्कोटोफोबिन, आणि 1972 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून मोकळे. आठवण म्हणे रेणूत भरून ठेवता येते! पुढे खात्रीचा पडताळा काही मिळाला नाही, दावा बारगळला. असं भारदस्त नाव आलं की अर्धं काम झाल्यासारखं वाटतं. सिद्ध होईपर्यंत नुसता क्रमांक द्यावा.

रातकिडा:
सपशेल नामंजूर. भुललं कोण? रसायनशास्त्रज्ञ वॉल्टर स्ट्यूअर्ट यांनी त्या लेखाची केलेली चिरफाड 'नेचर'ने त्याच अंकात छापली होती. उंगार यांनी रचना उघड मांडली म्हणून इतरांना तपासता तरी आली. क्रमांक दिला असता तर त्यात काय फरक पडला असता?

बांधावरची:
फरक पडतो. 'स्कोटोमॉर्फोजेनेसिस' बघा, म्हणजे रोपाची काळोखातली वाढ. नवरात्रातल्या घटाचे लांबुडके पिवळे अंकुर आठवा, साधारण तेच. रोप तसं का वाढतं याबद्दल हे नाव चकार शब्द काढत नाही. स्कोटोफोबिनच्या नावात मात्र निष्कर्षच कोंबलाय: हा रेणू भय देतो!

खडूफळा:
+१. मला नेमकं हेच म्हणायचं होतं.

रातकिडा:
मग 'स्कोटोपिक' दृष्टीचं काय? मिट्ट काळोखात कुणालाच दिसत नाही. ती मंद उजेडातली नजर, डोळ्याच्या पडद्यातल्या दंडपेशींची, 507 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या प्रकाशाला सर्वात संवेदनशील. अर्धशिशीतल्या स्कोटोमात, म्हणजे नजरेतल्या आंधळ्या डागात, तर झगमगत्या नागमोडी रेषा दिसतात. नावं अशी तोलायला बसलात तर निम्मा शब्दकोश बाद होईल.

बांधावरची:
रेषा कडेला असतात हो. आत दृष्टीला भोक पडलेलं असतं, वाचताना अक्षरं गायब होतात. अर्धशिशी आमच्या घरात आहे, मला विचारा. स्कोटोपिकचं मात्र मान्य.

रातकिडा:
चला, एक तरी पदरात पडलं. पण उंगार यांचा दावा पडला तो प्रयोगांमुळे. नावाला कशाला फाशी देताय?