‘वांशिक आणि वांशिक’ : एका तक्त्याच्या शीर्षकाचा पेच

सांगलीहून, पृच्छा

मी येथील एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. भित्तिपत्रकासाठी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या लोकसंख्येचा तक्ता मराठीत करण्याचे काम मी दोन विद्यार्थिनींना दिले होते. त्यांनी ‘रेशियल’ आणि ‘एथ्निक’ हे दोन्ही शब्द कोशात पाहिले, दोन्हींपुढे त्यांना ‘वांशिक’ हाच शब्द मिळाला आणि प्रामाणिकपणे त्यांनी शीर्षक लिहिले : ‘कॅलिफोर्नियाची वांशिक आणि वांशिक रचना’. मला हसू आले, पण दुरुस्ती करायला पेन्सिल हातात घेतली तेव्हा मलाही दुसरा शब्द सुचेना.

पेच केवळ शीर्षकाचा नाही. 2020 च्या जनगणनेनुसार त्या राज्याची लोकसंख्या 3,95,38,223 आहे. त्यांत ‘श्वेत’ हा एकच वंश सांगणारे 41.2 टक्के, आशियाई 15.4, कृष्णवर्णीय 5.7, अमेरिकेचे मूळनिवासी 1.6, हवाई व प्रशांत महासागरी बेटांवरचे 0.4, ‘अन्य’ 21.2 आणि एकाहून अधिक वंश सांगणारे 14.6 टक्के आहेत. येथे जवळजवळ शंभर भरतात (दशांशांतील किंचित फरक सोडला तर). त्याखाली मुलींनी ‘हिस्पॅनिक 39.4’ अशी आणखी एक ओळ लिहिली (हिस्पॅनिक म्हणजे स्पॅनिशभाषक देशांशी मूळचे नाते सांगणारे) आणि वर्गातील एका मुलाने बेरीज करून “सर, हे एकशे एकोणचाळीस टक्के कसे?” असे विचारले. तेव्हा जाणकारांना विनंती आहे की, या दोन शब्दांना मराठीत वेगवेगळे प्रतिशब्द कोणते द्यावेत, ते सुचवावे.

साताऱ्याहून, प्रतिसाद

सर, आपल्या विद्यार्थिनींची चूक नाही. वृत्तपत्रांचीही हीच सवय आहे. मणिपूरमध्ये 2023 साली जो हिंसाचार झाला तो मराठी बातम्यांत ‘वांशिक’ झाला आणि अमेरिकेतील काळ्या-गोऱ्यांचा तंटाही ‘वांशिक’च असतो. पहिल्या ठिकाणी भाषा, प्रदेश, टोळी आणि धर्म यांवरून ओळखले जाणारे समूह आहेत, तर दुसऱ्या ठिकाणी कातडीचा रंग आणि गुलामगिरीचा इतिहास आहे.

‘वंश’ या शब्दाचा मुळातील अर्थ बांबू असा आहे. सितोपलादि चूर्णात पडणारे वंशलोचन बांबूच्या पोकळीत सापडते आणि वंशी म्हणजे बासरी, हे आपण जाणताच. पेरावर पेर चढत जाते तशी पिढीवर पिढी, म्हणून कुळालाही वंश म्हणू लागले. लग्नात वधूपक्षाकडून वरमाईला जी झाल दिली जाते, तिला वंशपात्रदान असेही म्हणतात. बांबूच्या त्या टोपलीत दिवे लावलेले असतात आणि ती वराकडच्या मंडळींच्या डोक्यावर क्रमाने टेकवली जाते, तेव्हा वंशाचे दोन्ही अर्थ एकाच टोपलीत आलेले असतात. सांगायचे असे की, मराठी कानाला वंश म्हणजे घराण्याची उभी ओळ वाटते. सूर्यवंश, वंशावळ, वंशाचा दिवा (हा दिवा मुलगाच असतो, हा वेगळा वाद) या सर्व शब्दांत ती उभी ओळ आहे. कॅलिफोर्नियाच्या तक्त्यातील ‘आशियाई’ ही ओळ मात्र आडवी आहे. तीत चिनी, फिलिपिनो, भारतीय असे सगळे एका रांगेत बसवलेले आहेत आणि त्यांचा पणजोबा एक असल्याचा दावा कोणीही केलेला नाही.

तरीही ‘रेस’साठी ‘वंश’च ठेवावा, असे माझे मत आहे, कारण संविधानाच्या अनुच्छेद 15 च्या मराठी पाठात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान असा क्रम आहे आणि तेथे वंश व जात हे दोन शब्द शेजारी असूनही वेगळे ठेवले आहेत. ‘वर्ण’ वापरू नये. दक्षिण आफ्रिकेसाठी ‘वर्णभेद’ रूढ झाला तो झाला, पण एरवी वर्ण म्हटले की चातुर्वर्ण्य डोळ्यांसमोर येते.

विट्याहून, प्रतिसाद

मी शिक्षक नाही, व्यापारी आहे. वर्णाबद्दल एक भर घालतो. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ या म्हणीतील वाण म्हणजे दुकानातील वाणसामान नव्हे, तर वर्ण, म्हणजे रंग. आमच्याकडे खिल्लार बैलाची ‘जात’ म्हणतात, हळदीची ‘जात’ म्हणतात, आंब्याची ‘जात’ म्हणतात. त्याच बैलाला कायद्याच्या भाषेत ‘गोवंश’ म्हणतात. माणसाला मात्र हे शब्द लावताना कोणता कोठे टोचेल, याचा नेम नसतो.

दुसऱ्या शब्दाबाबत माझा अनुभव सांगतो. आमच्या खानापूर-आटपाडी भागातील असंख्य कुटुंबे सोने-चांदीच्या गलाई व्यवसायासाठी केरळ-तमिळनाडूपासून उत्तरेपर्यंत पांगलेली आहेत. माझीही उमेदीची वर्षे केरळमध्ये गेली. गावी असताना ज्यांची आळी वेगळी, देवाचा मान वेगळा आणि सोयरीक तर अशक्यच, तीच माणसे तिकडे एका गाळ्यात जेवत, एका गणपतीची वर्गणी काढत आणि तेथील लोकांना ती सर्व सारखीच ‘महाराष्ट्रातील’ वाटत. आमचा वंश तिकडे जाऊन बदलला नव्हता आणि जातही बदलली नव्हती. तरी एक तिसरी ओळख तयार झाली होती. ‘एथ्निक’ म्हणतात ते हेच असेल, तर मला ‘मूळ’ हा शब्द जवळचा वाटतो, कारण अनोळखी मराठी माणूस भेटला की पहिला प्रश्न “तुम्ही मूळचे कुठले?” असाच येतो.

साताऱ्याहून, पुन्हा

विट्याच्या काकांचा मुद्दा मला फार पटला. अमेरिकी जनगणनेतील प्रश्नही जवळजवळ असाच आहे : ही व्यक्ती हिस्पॅनिक, लॅटिनो किंवा स्पॅनिश मूळची आहे का? त्याचे उत्तर ‘हो’ दिल्यावरही वंशाचा रकाना स्वतंत्रपणे भरायचा असतो. मेक्सिकोहून आलेल्या कुटुंबातील कोणी ‘श्वेत’वर खूण करतो, कोणी ‘अन्य’वर. आपल्या तक्त्यातील ‘अन्य 21.2’ हा आकडा मुख्यतः अशाच लोकांचा आहे. म्हणजे 39.4 टक्के ही आठवी ओळ नसून वरच्याच माणसांची दुसरी विभागणी आहे. सांगली जिल्ह्यातील लोकांची आधी भाषेनुसार आणि मग धर्मानुसार गणती करावी आणि जतकडच्या कन्नड भाषकांची टक्केवारी जैनांच्या टक्केवारीत मिळवावी, तसे त्या मुलाच्या बेरजेत झाले आहे. हिस्पॅनिक बाजूला काढले तर उरलेले श्वेतवर्णीय 34.7 टक्केच राहतात. म्हणून त्या राज्यातील सर्वांत मोठा गट कोणता, याचे उत्तर कोणती विभागणी हाती घेतली यावर अवलंबून असते.

दुसरे असे की, हा वंश रक्त तपासून ठरत नाही. माणूस स्वतः सांगतो तो वंश, आणि 2000 सालापासून एकाहून अधिक सांगता येतात. सरकारने रकाने बदलले की वंशही बदलतो. 1920 ते 1940 या तीन जनगणनांत ‘हिंदू’ हा तेथे वंश होता आणि शीखही त्यातच मोजला जाई. 1923 मध्ये पंजाबहून तेथे गेलेल्या भगतसिंग थिंद या शीख गृहस्थांना तेथील सर्वोच्च न्यायालयाने ‘श्वेत नाहीत’ म्हणून नागरिकत्व नाकारले, 1970 च्या जनगणनेत भारतीय ‘श्वेत’ धरले गेले आणि 1980 पासून ‘एशियन इंडियन’ झाले. आपल्याकडेही 1901 च्या जनगणनेत जनगणना आयुक्त रिस्ले साहेबांनी नाकांची मापे घेऊन मराठी माणसांना ‘शक-द्रविड’ ठरवले होतेच.

मात्र ‘मूळ’ला एक अडचण आहे. त्याच तक्त्यात ‘मूळनिवासी’ अशी ओळ वंशाच्या रकान्यात आहे, त्यामुळे मुले पुन्हा गोंधळतील. सामान्य संज्ञा म्हणून ‘लोकसमूह’ घ्यावा आणि ‘मूळ’ हा शब्द फक्त ‘हिस्पॅनिक मूळ असलेले’ अशा तपशिलात वापरावा. ‘वांशिक’ हे विशेषण मात्र वंशापुरतेच ठेवावे.

आणखी एक सूचना. मार्च 2024 मध्ये तेथील केंद्र सरकारने हे दोन प्रश्न एकत्र करण्याचा आणि ‘मध्य-पूर्व व उत्तर आफ्रिकी’ हा नवा गट जोडण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे तक्त्यावर 2020 हे वर्ष ठळक लिहावे.

सांगलीहून, पुन्हा

दोघांचाही आभारी आहे. ‘लोकसमूह’वरून ‘लोकसमूहीय’ असे विशेषण करण्याचा मोह मुलींना झाला होता. ते उच्चारताना त्यांचीच जीभ अडखळली, म्हणून विशेषणच टाळले. ‘रचना’ हा शब्दही काढला, कारण आकडे वाटणीचे आहेत. आज भिंतीवर लागलेले शीर्षक असे आहे : ‘कॅलिफोर्नियाची लोकसंख्या, 2020 : लोकांनी स्वतः सांगितलेल्या वंशानुसार आणि लोकसमूहानुसार’. हिस्पॅनिकांची ओळ वेगळ्या चौकटीत गेली असून तिच्याखाली ‘ही माणसे वरच्या तक्त्यात आधीच मोजलेली आहेत’ असे वाक्य आहे. ते वाक्य बेरीज करणाऱ्या मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे.