'टाइम-रिझॉल्व्ड इमेजिंग'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: कणत्वरकातल्या इलेक्ट्रॉन शलाकेची मोजणी कशी करतात, यावर मराठीत लिहिते आहे. 'टाइम-रिझॉल्व्ड इमेजिंग'ला 'समयबद्ध प्रतिमांकन' चालेल? आणि 'बंच', म्हणजे शलाकेतला इलेक्ट्रॉनांचा एकेक घोळका, त्याला गुच्छ म्हणू, पुंज की पुंजका?

प्रतिसाद: समयबद्ध नको हो! ते मुदतीत उरकलेल्या कामाला म्हणतात. लेख एखाद्या योजनेचा अहवाल वाटेल. इथे काळानुसार सुटं करून दाखवणं अभिप्रेत आहे. 'रिझोल्यूशन'ला विभेदन रूढ आहेच, म्हणून 'कालविभेदी प्रतिमांकन'.

बंचला पुंजका. 'पुंज' टाळा, वाचक थेट पुंजयामिकीत (क्वांटम मेकॅनिक्समध्ये) जाऊन पडेल.

मुळात वेळ मोजतात कशी, ते लेखात आधी येऊ द्या. पुंजका काही पिकोसेकंदांचा (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही हजारावा भाग), आणि १ पिकोसेकंदात प्रकाशसुद्धा जेमतेम ०.३ मिलिमीटर जातो. एवढ्यात उघडमीट करणारी यांत्रिक झडप नाहीच. म्हणून वेळेची जागा करतात. स्ट्रीक कॅमेऱ्यात पुंजक्यापासून निघालेला प्रकाश फोटोकॅथोडवर पडतो, तिथून इलेक्ट्रॉन सुटतात आणि झपाट्याने बदलत्या व्होल्टेजमधून जातात. आधीचे पडद्यावर एका टोकाला, मागचे दुसऱ्या टोकाला. रेघेची लांबी मोजली की काळ कळला.

प्रतिसाद: मग 'रेघ कॅमेरा' का नाही?

प्रतिसाद: कंसात एकदा द्या, पुढे स्ट्रीक कॅमेराच. या क्षेत्रात सगळे तेच म्हणतात.

त्याची मजल मात्र शेकडो फेम्टोसेकंदांपाशी (फेम्टोसेकंद म्हणजे पिकोसेकंदाचा हजारावा भाग) संपते. एक्स-किरण लेसरसाठी पुंजके त्याहून आखूड दाबतात. तिथे प्रकाशाचा मध्यस्थ काढून टाकतात आणि रेडिओ लहरींच्या पोकळीत खुद्द पुंजक्यालाच आडवा ढकलतात: डोकं एकीकडे, शेपूट दुसरीकडे. ही रचना स्टॅनफर्डची, १९६० च्या दशकातली. 'लोला' हे तिचं नाव लोव, लार्सन आणि आल्टेनम्यूलर या आडनावांवरून पडलं. या 'डिफ्लेक्शन'ला विक्षेपण म्हणा. विचलन म्हटलंत तर त्याच पानावरचं प्रमाण विचलन त्यात मिसळेल, आणि ते त्या पानावर असणारच.

प्रश्न: 'स्लाइस एमिटन्स'चं काय? एमिटन्सला मी उत्सर्जकता लिहिलंय.

प्रतिसाद: खोडा. उत्सर्जकता तापलेल्या पृष्ठभागाच्या प्रारणाची. एमिटन्स म्हणजे शलाकेचा पसारा: कण किती जागेत आणि किती वेगवेगळ्या दिशांना विखुरलेत, दोन्ही मिळून. तो शब्द तसाच ठेवा. स्लाइसला 'काप': विक्षेपणानंतर पडद्याच्या एका अक्षावर वेळ असते, दुसऱ्यावर प्रत्येक कापाची रुंदी.