मुलीचा अहवाल कोणाला किती दाखवायचा?

प्रश्न: ऊसतोड कुटुंबातली मुलगी सध्या बालगृहात आहे, मूळ गाव दुसऱ्या जिल्ह्यात. शाळा, अंगणवाडी, पोलीस सगळेच अहवाल मागतात. तालुक्याच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फोटो टाकला तर चालेल का?

उत्तर १: अजिबात नको. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 74 नुसार मुलाची ओळख पटेल असं नाव, पत्ता, शाळा उघड करणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम 99 प्रमाणे बालकल्याण समितीपुढचे (मुलांच्या काळजी-संरक्षणाचे निर्णय घेणारी समिती) अहवालही गोपनीय. मुलीला पुढे तिच्याच गावात राहायचंय, हे कृपया विसरू नका.

उत्तर २: कामापुरतंच द्या. शाळेला वय, इयत्ता आणि शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलांना शाळा बदलताना मिळणारं) पुरे. घरात काय घडलं ते शिक्षकांना कळवायची गरज नाही. अंगणवाडीला धाकट्या भावंडांचं वजन-उंची आणि लसीकरण. पूर्ण फाइल बालकल्याण समिती आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडेच. ती बंद लिफाफ्यात, पोच घेऊन द्या.

उत्तर ३: खरी गफलत पत्त्यात होते. मुलीला समितीपुढे हजर करतानाच्या नमुना 17 मध्ये फडाचाच, म्हणजे ऊसतोडीच्या जागेचाच, पत्ता लिहितात. पट्टा पडला, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपला, की कोपी (मजुरांची झोपडी) रिकामी, आणि नमुना 22 चा सामाजिक तपासणी अहवाल 15 दिवसांत हवा असताना गृहभेट वाया जाते. पहिल्याच दिवशी मूळ गाव, वस्ती, तालुका, गावी राहणारे आजी-आजोबा आणि मुकादमाचा (मजुरांची टोळी नेणाऱ्याचा) फोन लिहून घ्या, म्हणजे मूळ गावच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाला लगेच गृहभेट करता येते.